मामाजींचा संगणकातला जावई

मामाजींना धक्का बसला की तो सगळ्या अड्याळ गावाला कळत असे. आधी "अरे बाप्पा!" अशी आरोळी, मग खुर्ची मागे सरकल्याचा कर्कश आवाज, मग काहीतरी पडल्याचा खणखणाट, बहुधा स्टीलचा पेला. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी शेजारच्या माझ्या कृषी केंद्रातून लाकडी काठी घेऊन धावलो होतो. विजेचा झटका लागलेल्या माणसाला हाताने ओढायचं नसतं, एवढं विज्ञान मला येत होतं. आत बघतो तर मामाजी छातीवर हात ठेवून भिंतीला टेकलेले आणि डोळे संगणकाच्या पडद्यावर खिळलेले. मी काठी उगारली.

"मले कायले मारता जी?" ते म्हणाले. "त्या नवरदेवाकडे पाहा. त्याले तीन कान आहेत!"

मी पाहिलं. खरोखरच होते. तिसरा कान फेट्याच्या खालून नम्रपणे बाहेर डोकावत होता.

मामाजी म्हणजे आमच्या बसस्टँडच्या रस्त्यावरच्या फोटो स्टुडिओचे मालक. फोटोला बसलेली प्रत्येक नवी सून त्यांना पाहून डोक्यावर पदर घ्यायची, म्हणून ते सगळ्या गावाचे मामाजी, म्हणजे सासरे, झाले. अंगाने किरकोळ, मिशी मात्र भरघोस, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच कोणीतरी अशक्य बातमी सांगून गेलंय. एका गोष्टीचा धक्का माणसाला किती वेळा बसावा? आपण चार-दोनदा दचकतो आणि मग सरावतो. मामाजी सरावले नाहीत. संगणक रोज तोच, त्याचे चाळे तेच, आणि मामाजींचा धक्का रोज ताजा, सकाळी काढलेल्या दुधासारखा.

आधी ते फोटो सजवायचं काम हाताने करत. माउस धरून एकेक केस कापत फोटोतल्या माणसाला भिंतीपासून सोडवायचं आणि काश्मीरला नेऊन उभं करायचं. मग नागपूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने संगणकात नवं सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यात एआय होतं. नको असेल त्याभोवती गोल काढा, हवं ते शब्दांत लिहा, क्षणात काम तयार. मामाजींनी त्याचं नाव ठेवलं जावई.

"सांगा एक, करते दोन," ते म्हणायचे. "अन् बोलाची सोय नाही. उलट मान द्या लागते."

त्यांचा खरा जावई स्वभावाने अत्यंत गरीब होता. सासरी आला की "जावयानं आज काय घान केली पाहा" हे वाक्य ऐकून तो बिचारा ताटातला हात थांबवायचा.

या जावयाचा सर्वांत भयंकर पराक्रम मी स्वतः पाहिला आहे. एका म्हाताऱ्याच्या तेरवीसाठी घरच्यांनी त्याचा जुना, पुसट फोटो आणला होता. मामाजींनी जावयाला सांगितलं, फोटो साफ कर. जावयाने साफ केला आणि जाता जाता म्हाताऱ्याचं मिटलेलं तोंड उघडून त्यात पांढरेशुभ्र दात बसवले. बोळक्या तोंडाने आयुष्याची संध्याकाळ काढलेला तो माणूस भिंतीवरून टूथपेस्ट विकायला सज्ज झाला. मामाजींची आरोळी झाली, पेला पडला. तेवढ्यात म्हाताऱ्याची बायको आत आली. तिने चष्मा लावला, पडद्याजवळ गेली आणि शांतपणे म्हणाली, "दात द्याचे होते तं जित्तेपनी द्याचे होते जी. चिवडा तरी खाल्ला असता बिचाऱ्यानं."

मामाजींनी ते दात एकेक करून काढले. दंतवैद्यही इतक्या हळुवार हाताने काढत नसेल.

"जावयाले मोकळी जागा सहन होत नाही," हे त्यांचं दुसरं वाक्य. माहीत नसेल तिथे तो थांबत नाही, विचारत नाही, मनाने भरून मोकळा होतो. म्हणून जावयाचं काम झालं की मामाजींचं सुरू व्हायचं. त्याला ते निंदण म्हणत. धानाच्या बांधीत बाया वाकून धानासारखंच दिसणारं गवत उपटतात, तसे मामाजी फोटो मोठा मोठा करत, नाक दरवाजाएवढं होईपर्यंत मोठा करत, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत जात. सहावं बोट उपटलं. बांगडीतून उगवलेली दुसरी बांगडी उपटली. आजीच्या चष्म्याच्या काचेत कुठून तरी आलेली खिडकी बंद केली.

त्यांची युक्तीही सांगतो, कारण पुढे तिच्यावरच सगळं आलं. खरा फोटो ते कधी मिटवत नसत. तो खाली ठेवायचा, जावयाची कारागिरी त्याच्यावर एका थरात. जिथे जावई चुकला तिथे ब्रशने वरचा थर खरवडायचा; खालचं खरं आपोआप वर दिसतं. "भिंतीचा चुना खरवडल्यावानी," मामाजी म्हणत.

आता देवरावांची गोष्ट. देवराव आसगावचे, धानाचे शेतकरी, बियाण्यासाठी दर हंगामात माझ्याकडे येणारे. त्यांची मुलगी पूनम लग्नाची होती. एक दिवस ते मोबाइलमधला फोटो घेऊन मामाजींकडे आले. नात्यातल्या एका लग्नात काढलेला. हिरव्या साडीत पूनम खळखळून हसते आहे, आणि शेजारी तिची आत्या, म्हणजे देवरावांची थोरली बहीण सरूबाई, तिच्या खांद्यावर हात ठेवून तितकीच हसते आहे.

"याच्यातून आत्याले काढा," देवराव म्हणाले.

"बराबर. स्थळाले एकटीचाच फोटो लागते."

देवराव फरशीकडे पाहत म्हणाले, "तसं बी, तिच्या हातावर कोड आहे ना. त्याच्यानंच तिचं लगन नाही झालं. आता पोरीच्या टायमाले बी लोक इचारतीन."

माणसं पुसणं हे मामाजींचं रोजचंच काम होतं. वाटणीत भांडलेले भाऊ, मोडलेल्या सोयरिकीतले व्याही, सगळे त्यांच्या हातून गेले होते. त्यांनी सरूबाईंभोवती गोल काढला आणि जावयाला आज्ञा दिली.

आरोळी इतकी मोठी होती की चहावाला किटलीसकट आला. सरूबाई गेल्या होत्या आणि लग्नाच्या मांडवात, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगेत, त्यांच्या जागी मोर उभा होता. पिसारा फुलवलेला, अंगापिंडाने धष्टपुष्ट, एखाद्या मानकऱ्याच्या थाटात. मी हसून हसून काउंटरवर पडलो. देवरावही हसले. मामाजींनी पुन्हा आज्ञा दिली, तर अर्धा मोर आला. पुन्हा दिली, तर मोर गेला पण पिसारा खुर्चीला चिकटून राहिला. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि दुपारभर एकेक पीस निंदून काढलं. आम्ही सगळे मोराकडे पाहत होतो.

पूनमच्या खांद्याकडे कोणीच पाहिलं नाही.

गोल काढताना सरूबाईंची बोटं गोलाबाहेर राहिली होती. जावयाला मालकाशिवाय बोटं दिसली आणि मोकळी जागा सहन झाली नाही. त्याने त्या बोटांवरचे पांढरे डाग पुसले, कातडी गुळगुळीत केली, मागे मनगट जोडलं, त्यावर काळ्या पट्ट्याचं पुरुषी घड्याळ बांधलं आणि उरलेला हात पूनमच्या केसांमागे दडवून दिला. मोबाइलवर तो साडीच्या काठासारखा दिसायचा. फोटो, कोपऱ्यातल्या स्टुडिओच्या नावासकट, गावोगाव गेला.

तो जवाहरनगरलाही गेला. मुलगा कारखान्यात नोकरीला, राहायला क्वार्टर, वडील तिथूनच निवृत्त झालेले. देवरावांनी या स्थळासाठी देव पाण्यात ठेवले होते. पत्रिका जुळली होती, पाहायला येण्याची गोष्ट निघाली होती. आणि अड्याळच्या बाजाराच्या दिवशी मुलाचे आईवडील न सांगता-सवरता सरळ स्टुडिओत येऊन उभे राहिले. वडिलांनी मोबाइल काउंटरवर ठेवला, दोन बोटांनी फोटो ताणला आणि विचारलं, "हा हात कोनाचा आहे?"

मी माझ्या दुकानात होतो. आरोळी आली नाही. खुर्ची सरकली नाही, पेला पडला नाही. आरोळ्यांना मी सरावलो होतो. त्या शांततेने मात्र मी धावलो.

मामाजींचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "हे," ते कसेबसे म्हणाले, "हे जावयाचं काम होय."

"जावयाचं?" मुलाच्या आईने कपाळाला हात लावला. "मंजे पोरीचं लगन झालेलं आहे?"

मी मदतीला धावलो आणि सगळं पार बिघडवलं. "तसं नाही हो ताई. हा जावई खरा नाही. संगणकातला आहे."

"ऑनलाइन लगन केलं?" वडील ओरडले.

दारात गर्दी जमली होती. बाजाराचा दिवस, अर्ध्या तालुक्याच्या पिशव्या तिथे होत्या. मी देवरावांना फोन लावला. ते बाजारातच होते, पण तेवढ्या वेळात त्या हाताला बाहेर धड फुटलं. कोणी म्हणालं कॉलेजातला पोरगा, कोणी म्हणालं पवनीकडचा. एकाने त्याला मोटरसायकल दिली, दुसऱ्याने तिचा रंगही सांगितला. जावई फक्त संगणकात राहत नव्हता.

देवराव धापा टाकत आले. मागोमाग वांग्यांची पिशवी घेऊन सरूबाई. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. "का झालं जी? पोरीचं नाव कायले घेऊन राहिले लोक?" त्यांनी मोबाइल पाहिला, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "हा तं माहा हात होय. मी अशीच उभी होती तिच्याजवळ. घड्याळ माहं नोहे, पन हात माहाच."

मुलाच्या वडिलांनी फोटोतला गोरा, गुळगुळीत हात पाहिला. मग पिशवीच्या बंदावरचा सरूबाईंचा हात पाहिला, सावळा आणि त्यावर पांढरे डाग. "बाई," ते म्हणाले, "खोटं बोला, पन पटन असं तं बोला."

मामाजींनी संगणकावर फोटो उघडला. ब्रश हातात घेतला आणि देवरावांकडे पाहिलं. देवरावांनी मान हलवली. अगदी थोडी, नाही म्हणून. खरवडलं तर पोरीच्या माथ्यावरचा परका पुरुष जाणार होता, पण सरूबाई येणार होत्या, आणि त्यांच्यासोबत तेच सगळं जे झाकायला फोटो इथे आला होता. न खरवडावं तर पोरगी त्या मोटरसायकलवाल्याची झालीच होती.

भावाची हललेली मान सरूबाईंनी पाहिली. "दाखवा जी," त्या मामाजींना म्हणाल्या. "का आहे थे दाखवा."

मामाजी खरवडू लागले. घड्याळ गेलं. बोटांवर एकेक डाग उमटला. बाही आली, खांदा आला, गळ्यातली पोत आली, आणि शेवटी सरूबाईंचं ते मोठं, मोकळं हसू. दारातली गर्दी गप्प झाली. सरूबाई स्वतःकडे पाहत राहिल्या. मग भावाकडे पाहिलं. देवराव चपलांचे अंगठे न्याहाळत होते.

ही शांतता मामाजींना सोसेना. "ताई, तुमच्या जागी मोर आला होता," ते घाईघाईने म्हणाले. "मस्त होता. म्या त्याले बी काढलं."

"मोर?"

"हौ. पिसारेवाला."

सरूबाईंनी वांग्यांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मोराचे पाय बी खराबच राह्यतात जी. पन लोक त्याले पुसत नाहीत."

कोणीही हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी प्रेतयात्रेतही हसलेला माणूस आहे.

"मंजे लपवलं," मुलाचे वडील म्हणाले.

"हौ," देवराव म्हणाले. "लपवलं."

"उद्या पोरीच्या अंगावर उठलं तं?"

"माह्या मायबापाले नोहोतं," सरूबाई म्हणाल्या. "पोरीले नाही. उद्याचं मी काहून सांगू? तुमच्या पोराच्या अंगावर उद्या का उठते थे तुमी सांगता का?"

मुलाच्या आईने नवऱ्याच्या दंडाला हात लावून त्यांना थांबवलं. तिने पडद्याकडे पाहिलं, मग सरूबाईंकडे. "पोरगी लय बिलगून आहे तुमाले."

"तिची माय वावरात, अन् थे माह्या कडेवर. अशीच वाढली."

"हा फोटो पाठवा जी माह्या मोबाइलवर," ती मामाजींना म्हणाली. "हाच. पोराले पाहू द्या." नवरा "कळवतो" एवढंच पुटपुटला आणि दोघं गर्दीतून निघून गेले.

सरूबाई त्या दिवशी भावाच्या मोटरसायकलवर बसल्या नाहीत. वांगी घेऊन एकट्या बसने आसगावला गेल्या. देवराव बसच्या मागे मागे गाडी चालवत गेले, असं मला नंतर कंडक्टरने सांगितलं.

होकार आला, पण लगेच नाही. महिनाभर देवरावांचा घास घशाखाली उतरला नसेल. शेवटी मुलाने स्वतःच फोन केला, पाहायला आला, आणि उन्हाळ्यात लग्न ठरलं.

मामाजी मात्र त्या बाजाराच्या दिवसापासून बिघडले. कोणी माणूस पुसायला आणला की विचारायचे, "याले काहून काढता?" लोक चिडायचे. "आमी फोटो कराले आलो का जबाब द्याले?" एका सुनेने नणंद पुसायला आणली होती, मामाजींनी तिला चहा पाजून नणंदेसकट परत पाठवलं. नणंद अजून त्या फोटोत आहे, सून मात्र पुन्हा स्टुडिओत आली नाही. मग डोळे गेले. पूर्ण नाही, पण डॉक्टरने संगणकाच्या पडद्याकडे बघायला बंदी केली आणि मुलगी त्यांना नागपूरला न्यायला आली. सामानाचा टेम्पो भरला तेव्हा मामाजी त्याच्याकडे पाहत राहिले. "अरे बाप्पा," ते म्हणाले, "एवढंसंच होतं का माहं दुकान?"

त्यामुळे पूनमच्या लग्नाचे फोटो भंडाऱ्याच्या एका पार्टीने काढले, ड्रोन वगैरे लावून. लग्न थाटात झालं. काही दिवसांनी देवराव अल्बम काखेत मारून माझ्या दुकानात आले आणि बियाण्याच्या पोत्यावर तो आपटला. मी पानं उलटली. सगळेच तुकतुकीत. पूनमची आई पूनमहून लहान दिसत होती. नवरीशेजारी सरूबाई उभ्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात दुधासारखे गोरे, एक डाग नाही.

"झकास आहे की," मी म्हणालो.

"हे माही बहीण नोहे," देवराव म्हणाले.

मला धक्का बसला. खरा, मामाजींच्या मापाचा. हाच माणूस तिला पुसायला घेऊन आला होता! देवरावांचा त्या पार्टीला फोन करून झाला होता. ते म्हणाले, साहेब, ऑटोमॅटिक आहे, सगळ्यांचंच होते. मूळ फोटो? ते तर उडवले. खरवडायला खाली काही उरलंच नव्हतं.

म्हणून आम्ही नागपूरला गेलो. देवराव, मी, आणि वाटभर कुरकुरणाऱ्या सरूबाई. "कायले हा खटाटोप? चांगली दिसून राहिली मी. जलमात पहिल्यांदा."

मामाजी जाड भिंगाचा चष्मा लावून मुलीच्या संगणकासमोर बसले. मुलगी पहाऱ्यावर, थोडा वेळच म्हणून. खालचं खरं नव्हतं, तेव्हा समोरचं खरं पाहून रंगवायचं होतं. सरूबाईंनी दोन्ही हात कीबोर्डशेजारी टेबलावर ठेवले, पहिल्यांदा जरा अवघडून. मामाजी त्या हातांकडे पाहायचे, मग पडद्याकडे, आणि एकेक डाग बसवायचे.

"अंगठ्याजवळचा मोठा आहे," सरूबाई म्हणाल्या. "कंजूषी कायले करता जी?"

"अन् मनगटावर," देवराव मागून म्हणाले, "आतल्या बाजूले, होडीसारखा. त्याच्या खाली दोन बारके. एक मंग उठला, माय गेली त्या साली."

सरूबाईंचे तळवे टेबलावर उपडे होते. मनगटाची आतली बाजू तिथे कोणालाच दिसत नव्हती. त्यांनी मान वळवून भावाकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. देवरावांनी या वेळी खाली पाहिलं नाही. मामाजी थांबले होते. मग चष्मा पुसून पुन्हा कामाला लागले.

ते त्यांचं शेवटचं काम. थंडीत मामाजी गेले. बातमी कळली तेव्हा मी दुकानात होतो आणि माझ्या तोंडून जी आरोळी निघाली ती ऐकून चहावाला किटली टाकून धावत आला.

तो फोटो आता आसगावला देवरावांच्या बैठकीत आहे, मोठ्या चौकटीत. परवा धान मोजायला आलेला एक व्यापारी त्याच्यासमोर थांबला आणि हळहळला, "फोटोले ओल लागली का जी? हातावर डाग पडले."

"पडले नाही," देवराव म्हणाले. "खास नागपूरले जाऊन पाडून आनले."